अराफत म्हणजे नुसती बंदूक नव्हे

तुमच्या लेखात पॅलेस्टाईनचे नेते यासर अराफत यांना नुसते बंदूकवाले ठरवून मोकळे झालात, ते काही पटलं नाही बुवा. माणूस मुळात सिव्हिल इंजिनियर, कैरोत शिकला, कुवेतला नोकरी केली, तिथंच फतह या पॅलेस्टिनी संघटनेची जुळवाजुळव आणि १९६९ ला पीएलओचा, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचा चेअरमन. १९७४ ला युनोत म्हणाला, एका हातात शांततेची ऑलिव्हची फांदी आहे, ती गळू देऊ नका... आणि तो काळापांढरा रुमाल, खांद्यावर टोक सोडलेला, म्हणे पॅलेस्टाईनचा नकाशाच! पुढं बैरूतचं ठाणं सुटलं, ट्युनिसचं झालं, इस्रायलशी ओस्लो करार, १९९४ चं शांततेचं नोबेल, आणि शेवटी रामल्लातल्या ‘मुकाटा’ या स्वतःच्याच मोडक्या मुख्यालयात इस्रायली वेढ्यामुळे दोन-अडीच वर्षं अडकून. फक्त पैशाचा हिशोब स्वतःच्याच लोकांना धड दिला नाही, ते लिहायचं होतं की!