पदवी हवी कोणाला: शिपायाला की परिवीक्षा अधिकाऱ्याला?

तुरुंगांचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक सूचना हमखास ऐकू येते: अमेरिकेसारखे शिकलेले शिपाई भरा. इथे कॅलिफोर्नियात गंमत अशी की राज्याच्या तुरुंगात करेक्शनल ऑफिसर व्हायला हायस्कूलचा दाखला, नेमणुकीच्या वेळी वयाची 21 वर्षे पूर्ण आणि अ‍ॅकॅडमीतले 13 आठवडे पुरतात. कॉलेजची अट नाही. पदवी मागितली जाते ती बहुधा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला: दोषीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवायचे तर त्याच्यावर लक्ष ठेवणारा आणि न्यायालयाला अहवाल देणारा.

मग कम्युनिटी कॉलेजातला (म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजातला) न्यायव्यवस्थेचा अभ्यासक्रम कशासाठी? ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’ची ट्रान्सफर पदवी, म्हणजे पुढे विद्यापीठात जाता येईल अशी, 60 युनिटांची (श्रेयांकांची) असते. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे 46 डॉलर, म्हणजे सगळे मिळून 2,760. परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या कैक पट. (स्टुडंट व्हिसावर मुलांना हे शिकायला पाठवू पाहणाऱ्यांनी आधी एक बघावे: अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या तुरुंगांतल्या नोकरीला अमेरिकी नागरिकत्व लागते.) न्यायव्यवस्थेची ओळख आणि फौजदारी कायदा हे दोन विषय सक्तीचे, प्रत्येकी 3 युनिटांचे. सुधारसेवेचा, म्हणजे तुरुंग-प्रोबेशनचा, विषय ऐच्छिक. पुष्कळजण फसतात ते निवडीत: शस्त्र चालवणे, अटक करणे असले अ‍ॅकॅडमीछाप वर्ग आवडीने घेतात आणि विद्यापीठात जाताना ते युनिट बहुधा मोजलेच जात नाहीत. सांख्यिकी शेवटच्या सत्रावर ढकलणाऱ्यांची पदवी तिथेच अडकते.

या 60 युनिटांचा खरा उपयोग पुढे आणखी 60 करून पदवीधर होण्यात आहे, कारण प्रोबेशन अधिकाऱ्याच्या जागेला अनेक काउंटी पदवी मागतात आणि केंद्रीय न्यायालये तर मागतातच. कोठडीच्या दारावर उभे राहायला 13 आठवडे चालतात. आरोपीचे घर, काम, व्यसन तपासून न्यायाधीशापुढे अहवाल ठेवायचा तर जास्त शिकलेला माणूस लागतो. शिक्षणावरचा पैसा इथे त्या बाजूला जातो, आणि मला ते योग्य वाटते.

आपल्याकडे शिपाई-अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी येरवड्याला दौलतराव जाधव महाविद्यालय आहे. दुबळी बाजू दुसरी आहे. 1958च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम 6प्रमाणे 21 वर्षांखालच्या दोषी तरुणाला तुरुंगात पाठवण्याचा विचार असेल, तर न्यायालयाने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. पण तुरुंग गृह खात्याकडे आणि हा अधिकारी महिला व बालविकास खात्याकडे. बालगृहे, दत्तक प्रकरणे यांच्या ढिगाऱ्यातून त्याने अहवाल लिहायचा.

देशातल्या कैद्यांत चारांतले तीन कच्चे कैदी असताना पदवीधर शिपायाने तुरुंगांतली गर्दी हटणार नाही. त्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या महाविद्यालयात संध्याकाळचा अभ्यासक्रम काढावा: फौजदारी कायदा, मुलाखत घेणे, गृहभेट आणि एक पूर्ण सत्र फक्त कलम 6चा अहवाल लिहिण्याचे. दोन्ही खात्यांचे कर्मचारी एकाच वर्गात बसवावेत, आणि त्याचे श्रेयांक पुढच्या पदवीत धरले जातील हे विद्यापीठाकडून आधीच लेखी घ्यावे.