नवा अल्बम नापसंत करण्याची रीत

ज्यांनी एखाद्या इंडस्ट्रियल मेटल (यंत्रांच्या खडखडाटाला जड गिटारची जोड देणारे संगीत) वाजवणाऱ्या बँडवर आपली उमेदीची वर्षे आणि कानांचे आरोग्य ओवाळून टाकले आहे, त्यांच्यासाठी त्या बँडचा नवा अल्बम येणे हे संकटच असते, आणि या संकटाला काही एका शिस्तीने सामोरे जाता यावे एवढ्याच हेतूने पुढील मार्गदर्शन केले आहे. उदाहरणासाठी बर्लिनच्या रामस्टाइन या बँडचा आजवरचा सर्वांत नवा स्टुडिओ अल्बम, म्हणजे ‘त्साइट’, घेतला आहे. तो 29 एप्रिल 2022 रोजी प्रसिद्ध झाला, त्यात 11 गाणी आहेत आणि तो सुमारे पाऊण तासाचा आहे. हा पाऊण तास कसा वाचवावा, हे आता पाहू.

मत अल्बम ऐकण्यापूर्वी बनवावे, कारण ऐकल्यानंतर बनवलेल्या मतात ऐकलेल्या गोष्टींची भेसळ होण्याचा धोका असतो. ‘त्साइट’चे शीर्षकगीत 10 मार्चलाच आले होते, म्हणजे अल्बम हाती पडेपर्यंत निष्ठावंतांना तब्बल सात आठवडे मिळाले होते, आणि एवढ्या अवधीत उरलेल्या दहा गाण्यांविषयी ज्याचे मत पक्के झाले नाही, त्याच्या निष्ठेविषयीच शंका घ्यायला हवी. शीर्षकगीत पियानोने सुरू होते. तेवढे ऐकून थांबावे. पुढे गिटार येतात, आवाजाचा एकेक थर चढत जातो आणि अखेरीस गाणे छातीवर येऊन बसते असे काही लोक सांगतात, पण आपण पियानोपाशी थांबलो असल्यामुळे आपले मत निर्मळ राहते. तरीही पुरावा अपुरा वाटला तर मुखपृष्ठाकडे वळावे. ते छायाचित्र ब्रायन अ‍ॅडम्स यांनी काढले आहे, होय, तेच, गिटार घेऊन प्रेमगीते गाणारे कॅनेडियन गायक. एवढे सांगितल्यावर पुढच्या युक्तिवादाची गरज सहसा पडत नाही.

मग दोन अल्बममधील अंतराचा मुद्दा घ्यावा. 2009 नंतरचा अल्बम यायला 2019 उजाडले, तेव्हा ‘ही मंडळी दहा वर्षे करत तरी काय होती’ असे विचारणे आपले कर्तव्य होते. ‘त्साइट’ त्यानंतर तीनच वर्षांत आला, तेव्हा तो घाईत उरकलेला आहे असे म्हणणे हेही आपले कर्तव्यच आहे. महासाथीमुळे 2020 चा स्टेडियम दौरा पुढे ढकलावा लागला आणि अवचित मिळालेल्या रिकाम्या वेळात बँडने गाणी रचली, ही हकीकत कळली तर तिचाही उपयोग करून घ्यावा, कारण ‘रिकामपणचा उद्योग’ हा शेरा इतका आयता क्वचितच मिळतो. एखादा चिकित्सक मध्येच आठवण करून देईल की ‘राइझे, राइझे’ 2004 मध्ये आला आणि ‘रोझेनरोट’ त्याच्या पाठोपाठ 2005 मध्येच आला, शिवाय त्यातली बरीच गाणी आधीच्या अल्बमच्या वेळची शिल्लक होती. अशा माणसाला ‘ती तेव्हाची ऊर्जा होती’ असे सांगून गप्प करावे. दोन अल्बममध्ये नेमके किती वर्षांचे अंतर असावे, हा आकडा मात्र कधीही उच्चारू नये. न जाणो, बँड तो पाळायचा.

यानंतर स्थळाचा प्रश्न येतो, आणि येथे थोडा अधिक अभ्यास लागतो, म्हणजे तो टाळण्याची अधिक दक्षता लागते. ‘जुन्या रामस्टाइनच्या आवाजात बर्लिनच्या ओसाड कारखान्यांची थंडी होती, आता ती राहिली नाही’ हे वाक्य तोंडपाठ असावे. ‘त्साइट’चे ध्वनिमुद्रण दक्षिण फ्रान्समधील ला फाब्रिक या स्टुडिओत झाले, ही बातमी हाती येताच उन्हाने आणि सुखवस्तूपणाने पोलादाला गंज कसा चढतो, यावर दोन परिच्छेद सहज लिहून होतात. फक्त जुन्या अल्बमच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे त्या काळात वाचू नयेत. 1995 चा ‘हेर्त्सेलाइड’ स्टॉकहोममध्ये ध्वनिमुद्रित झाला. 1997 चा ‘झेनझुख्ट’, ज्याच्या गिटारमध्ये आपल्याला आजही बर्लिनचा हिवाळा ऐकू येतो, तो भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर झाला. आणि 2001 चा ‘मुटर’, जो आपल्या मते शेवटचा खरा अल्बम होता, तो ध्वनिमुद्रित करण्यासाठी हे सहाही जण गेले होते ते दक्षिण फ्रान्समध्येच. म्हणून सांगतो, नकाशा जवळ ठेवू नये.

ध्वनीविषयी बोलायचे झाल्यास निर्मात्याचे नाव घेणे केव्हाही भारदस्त दिसते. पहिल्या सहा अल्बमची निर्मिती स्वीडनच्या याकोब हेल्नर यांनी बँडबरोबर केली आणि 2019 पासून ती जागा ओल्सेन इन्व्होल्टिनी यांनी घेतली, त्यामुळे जे काही आवडले नाही त्याचे कारण ‘हेल्नर नाहीत’ एवढे सांगता येते. मिक्सिंगविषयी, म्हणजे वाद्ये आणि आवाज यांचा मेळ बसवण्याविषयी, एखादे सर्वत्र चालणारे विधान तयार असावे. ‘वाद्यांना श्वास घ्यायला जागा नाही’ हे उत्तम आहे. हे सारे आपण फोनच्या स्पीकरवर, तेही दुसरे काही काम करत असताना ऐकले, हे ओघात सांगून बसू नये.

सर्वांत परिणामकारक तक्रार म्हणजे ‘यंत्रांचा फार वापर झाला आहे’. कीबोर्ड फार, सिंथ फार, आवाजावर प्रक्रिया फार. माणूस कुठे आहे? ही तक्रार करताना चेहरा गंभीर ठेवणे जमले पाहिजे, कारण ज्या संगीतप्रकाराच्या नावातच उद्योग आहे त्यात यंत्र सापडल्याबद्दल आपण शोक करत असतो. ब्रिटनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने 1976 मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली, 1980 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेल्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या गटाने ड्रमऐवजी भंगारातले लोखंड आणि ड्रिल वाजवले, आणि या परंपरेला जेव्हा मेटलच्या जड रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या धुना, येऊन मिळाल्या तेव्हा कुठे आपला लाडका प्रकार जन्माला आला. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या बँडने 1989 चा ‘स्ट्रीटक्लीनर’ ड्रम वाजवणाऱ्या माणसाशिवाय, ड्रम मशीनवर केला, आणि त्याच्या निर्दय, न थकणाऱ्या ठोक्यांचा दबदबा आजही कायम आहे. फिअर फॅक्टरी या बँडने 1995 च्या ‘डिमॅन्युफॅक्चर’मध्ये ड्रमचे ठोके आणि गिटारचे फटके असे एकजीव केले की माणसे वाजवत असूनही यंत्र चालल्याचा भास व्हावा. हा सगळा इतिहास आपल्याला ठाऊक असतोच, किंबहुना नवख्या श्रोत्यांना तो ऐकवण्यात आपला बराच वेळ जातो. नव्या अल्बमवर मत देताना तेवढा तो बाजूला ठेवायचा असतो.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर ‘ल्यूगेन’ या गाण्याला सोडू नये. त्यात बँडचे गायक टिल लिंडेमान यांच्या भरदार आवाजावर ऑटोट्यूनचा उघड, कानाला टोचणारा संस्कार केला आहे. पंचवीसहून अधिक वर्षे ज्या गळ्याने स्टेडियम हादरवले त्याला सूर पकडण्यासाठी संगणकाची मदत लागावी, असे हळहळत म्हणावे. गाणे एका खोटारड्या माणसाविषयी आहे आणि त्याच्या तोंडचा आवाजही म्हणून जाणूनबुजून खोटा केला असावा, असा विचार मनात डोकावला तर तो तिथल्या तिथे दाबून टाकावा. लिंडेमान यांचा जन्म 1963 चा, म्हणजे अल्बमच्या वेळी ते 59 वर्षांचे होते. त्यांच्या वयाचा उल्लेख आपण करू शकतो. आपल्या वयाचा उल्लेख या चर्चेत अप्रस्तुत आहे.

जर्मन येत नसणे ही गीतांवर टीका करण्यातली अडचण मानू नये. ‘शब्दांना पूर्वीची धार नाही’ हे म्हणायला शब्द कळावे लागत नाहीत, आणि पूर्वीही ते कळत नव्हते म्हणून तुलना समपातळीवर होते. ‘माइने ट्रेनेन’ हे गाणे तर विशेष सावधगिरीने वगळावे. त्यात वय वाढले तरी आईच्या घरात आणि आईच्या हाताखाली राहणारा मुलगा आहे, आणि 2001 मध्ये याच बँडने आई नसलेल्या मुलाचे गाणे केले होते. ही दोन गाणी एकापाठोपाठ ऐकली तर या माणसांना दोन दशकांनंतर त्याच दुखऱ्या जागेविषयी काहीतरी वेगळे, अधिक थकलेले आणि माझ्या मते अधिक भीषण सांगायचे आहे, असे वाटू लागते. मला तसे वाटले, आणि त्यात माझी संध्याकाळ वाया गेली. त्यापेक्षा ‘डिके टिटेन’वर लक्ष केंद्रित करावे. पितळी वाद्यांच्या जत्रेतल्या बँडने सुरू होणारे ते चावट गाणे ऐकून, ही सभ्य मंडळी इतकी कशी घसरली, असा धक्का बसल्याचे दाखवावे. याच सभ्य मंडळींच्या 2009 च्या अल्बमची अल्पवयीनांना विक्री करण्यावर जर्मनीत काही काळ बंदी आली होती, ही गोष्ट धक्का बसताना आठवू नये.

‘जुने तेच खरे’ हा सिद्धान्त वापरताना मात्र कोठे थांबायचे, ते आधी ठरवून ठेवावे, नाहीतर शिकागोच्या मिनिस्ट्री या बँडच्या चाहत्यांसारखी पंचाईत होते. तेथे सर्वांत जुना अल्बम म्हणजे 1983 चा ‘विथ सिम्पथी’, आणि तो आहे गोड, नाचता येण्याजोगा सिंथ-पॉप. बँडचे प्रमुख अल जोर्गेन्सन यांनी स्वतः पुढे कित्येक वर्षे तो अल्बम नाकारला आणि 2025 मध्ये त्याच काळातील गाणी नव्याने वाजवून प्रसिद्ध केली, त्यामुळे निष्ठावंतांना मूळ पाप नाकारावे की नवे प्रायश्चित्त, हेच कळेनासे झाले. सोय अशी आहे की अस्सल काळ बँडच्या जन्मापासून मोजायचा नसतो. तो आपण बँड पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी सुरू होतो आणि साधारण दोन-तीन अल्बमनंतर, आपल्याला नोकरी लागते तेव्हा, संपतो.

बँड बदलला आहे आणि बँड मुळीच बदललेला नाही, हे दोन्ही आरोप एकाच परिच्छेदात करावेत. रामस्टाइनच्या बाबतीत दुसऱ्या आरोपाला भक्कम आधार आहे, कारण 1994 पासून तेच सहा जण वाजवत आहेत, एकही माणूस बदललेला नाही. दुसऱ्या एखाद्या बँडमधून मूळ गायक गेला असता तर आपण ‘आता तो बँड राहिलाच नाही’ म्हणालो असतो. येथे कोणीच गेलेले नाही, म्हणून ‘ताजे रक्त हवे होते’ असे म्हणावे.

अल्बमचा शेवट ‘आडिओ’ या निरोपाच्या गाण्याने होतो. ते ऐकून बँड आता विसर्जित होणार अशी अफवा उठली होती, तेव्हा ज्यांनी आधल्याच दिवशी ‘यांनी केव्हाच थांबायला हवे होते’ असे जाहीर केले होते त्यांनी तत्काळ शोक सुरू केला. यात विसंगती नाही, फक्त दोन्ही निवेदने वेगवेगळ्या वेळी द्यावीत. निरोपांच्या बाबतीत अनुभवी व्हायचे असेल तर पुन्हा मिनिस्ट्रीकडे पाहावे. तेथे 2007 चा अल्बम शेवटचा म्हणून जाहीर झाला होता, मग 2012 मध्ये आणखी एक आला, 2013 चा अल्बम पुन्हा शेवटचा ठरला, आणि 2018 मध्ये त्याच्याही पुढचा आला.

रामस्टाइनचा पुढचा अल्बम आलाच, तर ‘त्साइट’विषयीचे आपले मत त्या दिवशी सकाळीच बदलून घ्यावे, म्हणजे नव्याशी तुलना करायला एक अभिजात कृती हाताशी राहते. 2019 च्या अल्बमला हा न्याय ‘त्साइट’ येताच मिळवून द्यायचा होता, पण त्यात एक व्यावहारिक अडचण आली. त्या अल्बमला नावच नाही, मुखपृष्ठावर नुसती पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक काडी आहे, त्यामुळे त्याची थोरवी गाताना निष्ठावंतांना दर वेळी ‘तो काडीवाला’ असे म्हणावे लागते, आणि समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे तुम्हाला आवडला नव्हता तोच ना?’