गाडी बंद केल्यावर फॅन फिरतो? मग फिरू द्या की!

"गाडी बंद केल्यावरही फॅन फिरतोय? सावधान!" हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. पाच मुद्दे, प्रत्येकापुढे लाल दिवा, खाली जनहितार्थ जारी. मी असले मेसेज न वाचताच सोडून देतो, पण यावेळी आमच्या मामांनी तो वाचला, नुसता वाचला नाही तर बॉनेट उघडून रेडिएटर (इंजिनातलं गरम पाणी थंड करणारी जाळी) फॅनचं कनेक्टर काढून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली.

मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा बरोबर मध्यावर. मामा खुशीत, "बघ, काही फरक पडला का?" पडणारच नाही ना मामा! गाडी 60-70 ने पळत असताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते, तिथे फॅनला काही कामच नसतं. (मेसेजमधला दुसरा मुद्दा, की पळत्या गाडीत फॅन फिरत नसेल तर तो जळालाय, डायरेक्ट वायर मारून घ्या, इथेच निकालात निघाला.) मग पुढे ट्रॅफिक जाम लागला आणि दहा मिनिटांत काटा वर चढायला लागला. फॅन असतो तो यासाठी. उभ्या गाडीत हवा आपोआप येत नाही, ती ओढावी लागते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, साधारण 95 ते 105 डिग्रीच्या दरम्यान कुठेतरी पोचलं, गाडीनुसार आकडा बदलतो, की सेन्सर सांगतो, रिले (फॅनचा आपोआप चालणारा स्विच) टक् करतो, फॅन सुरू. थोडं उतरलं की बंद.

आता तो लाडका पहिला मुद्दा, की बंद गाडीत फॅन फिरला म्हणजे बिघाड आणि बॅटरी उतरणार. इंजिन बंद केलं की बहुतेक गाड्यांत कूलंट फिरवणारा वॉटर पंपही थांबतो, पण इंजिन तापलेलंच असतं, त्यात अडकलेलं कूलंट आणखी तापतं, म्हणून बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन काही मिनिटं फिरतो. बिघाड नाही, तशीच रचना आहे. बॅटरी उतरते म्हणे! फॅन 15 अँपिअर खेचतो धरा, चार मिनिटं फिरला तर झाला 1 अँपिअर-अवर, आणि छोट्या गाडीची बॅटरीसुद्धा 35 च्या आसपास असते. मामांचंही अगदीच चुकलं म्हणत नाही, त्यांच्या जुन्या गाडीत फॅन इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, इंजिन थांबलं की तोही थांबायचा, त्यामुळे बंद गाडीतून घूं घूं आवाज आला की माणूस दचकतो.

पण खरा राग आलाय तो पाचव्या मुद्द्याचा. "गाडी गरम झाली तर लगेच रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता." हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी गाडीचं मॅन्युअल उघडलंय का? त्यात गरम इंजिनवर झाकण उघडू नका हे ठळक चौकटीत लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत तर झाकणावरच छापलेलं असतं. कारण ते झाकण साधं नाही, ते आत साधारण 1 बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी 100 ला न उकळता 120 च्या आसपास उकळतं. आत 110 डिग्रीचं कूलंट शांत बसलंय, तुम्ही झाकण फिरवलंत, दाब गेला, त्याच क्षणी त्याची वाफ होऊन उकळता फवारा सरळ तोंडावर. वर तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जायची भीती वेगळीच.

आणि मामांनी गाडी बाजूला घेतली, हातात फडकं घेतलं, हात झाकणावर ठेवलासुद्धा. मी अक्षरशः मनगट धरून मागे ओढलं, आयुष्यात पहिल्यांदा मामांवर ओरडलो. मग पात्यांपासून हात लांब ठेवून कनेक्टर परत बसवलं, इंजिन बंदच ठेवून चावी ऑन केली, फॅन लगेच सुरू. झाकणाला पाऊण तास कोणी हात लावला नाही.

बाकीचे मुद्दे फार वेळ खाण्यासारखे नाहीत. एसी लावला की फॅन फिरतो कारण एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यात असतो, त्यालाही हवा लागते, इंजिन तापल्याची ती खूण नव्हे. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढला तर इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं, बास.

काटा चढायला लागला तर एसी बंद करून हीटर फुल लावा, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर लिहिलंय, मान्य करावं लागेल. हीटरचा कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच, थोडी उष्णता तिकडून निघते, गाडी बाजूला घेईपर्यंत तेवढाच आधार. आणि हो, गाडी बंद करून अर्धा तास झाला तरी फॅन थांबतच नसेल किंवा थंड गाडीत आपोआप सुरू होत असेल तर रिले चिकटलेला असू शकतो नाहीतर सेन्सर गेलेला, तेव्हा बॅटरी खरंच उतरेल. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला दाखवा, कनेक्टर काढून गाडी पळवू नका. मामांनी ग्रुपवर हे सगळं टाकायला सांगितलंय, फक्त त्यांचं नाव न घेता. म्हणून "आमचे मामा" एवढंच लिहिलंय, मला मामा एकच आहेत ही गोष्ट वेगळी.