दहा वर्षांचं स्वप्न आणि १२० दिवसांचं बिल

कोल्हापूरच्या मित्रांच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच: आपली माणसं मोठी का होत नाहीत? उत्तरंही ठरलेली. तांबडा-पांढरा पोटात गेला की गडी खूश, 'जगात भारी' म्हणायचं, रंकाळ्यावर चक्कर टाकायची, दहा वर्षांपुढचं कोण बघतंय? मग कुणीतरी 'ध्येय मोठं ठेवा' सांगणाऱ्या वक्त्याचा व्हिडिओ टाकतो आणि शेवटी गाडी माझ्यावर येते, "तुमच्या जर्मनीत बघ की लेका."

मी स्टुटगार्टजवळच्या एका यंत्र कंपनीत खरेदी विभागात आहे. कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग, विकत घेणं हेच माझं काम. म्हणून शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांची स्वप्नं लहान असतात असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

इथला कारखानदार लांबचं बघतो, हे नाकारत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तो साडेतीन वर्षांच्या करारावर मशीनवर शिकायला घेतो, त्या काळात पैसेही देतो. पण हे सगळं त्याच्या स्वभावात आहे म्हणून होतं, असं मला वाटत नाही. दुसरं काही ठरलं नसेल तर बिल हातात पडल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर व्याज सुरू, असा इथला कायदा आहे आणि तो बहुतेक जण पाळतात. पुढच्या महिन्यात किती पैसे येणार हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढच्या पाच वर्षांचा विचार सुचतो.

शिरोलीतल्या माझ्या मित्राचं गणित वेगळं आहे. माल गेला की पैसे १२० दिवसांनी. तोवर स्क्रॅप रोखीनं, भट्टीचं वीजबिल दर महिन्याला, कामगारांचा पगार वेळेवर, आणि वर कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेकडून धंद्यासाठी उचललेल्या पैशाचं, व्याज. लहान पुरवठादाराचे पैसे द्यायला ४५ दिवसांची मर्यादा आपल्याकडेही लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात तिला प्राप्तिकराची वेसणही घातली: लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते चुकते होईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. पण मागायला जायचं कुणी? मागितलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याला. असा माणूस नव्या मशीनशॉपचं स्वप्न बघत नाही असं नाही. बघतो, पण ते चौथ्या महिन्याच्या पलीकडे नेता येत नाही.

ग्रुपवर जिद्दीचा दाखला म्हणून राधानगरी हमखास येते. भोगावतीवरचं ते धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा ते अपुरंच होतं. पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. जिद्द होतीच, पण काम रेंगाळलं ते पैशापायी, हे मात्र कुणी सांगत नाही. राजाची ही गत, तर जॉबवर्क करणाऱ्याला इच्छाशक्तीचे धडे कशाला? धरण शेवटी उभं राहिलं, कारण माणूस गेला तरी काम पुढे न्यायला आधी संस्थान होतं, मग सरकार. फाउंड्रीच्या मालकामागं कोण असतं? दोन भाऊ, आणि बऱ्याचदा त्यांच्यातच वाटणीचा दावा.

जर्मनीची आरतीही पुरे. बर्लिनचा विमानतळ २००६ मध्ये बांधायला घेतला, २०१२ च्या जूनमध्ये उघडायचं जाहीर झालं, आणि अग्निसुरक्षेच्या घोळात तो २०२० च्या ऑक्टोबरमध्ये उघडला. शिस्त, नियोजन, पैसा, सगळं असून. इथल्या कितीतरी घरगुती कंपन्यांना आता वारस मिळत नाही, पोरांना धंदा नको आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तर शिरोलीचा मित्र म्हणाला, "भावा, तुझा पगार महिन्याला खात्यावर पडतोय, तुला बोलायला काय जातंय?" बरोबर आहे त्याचं. म्हणून मी त्याला सल्ला देत नाही. व्हिडिओ टाकणाऱ्यांना मात्र विचारतो. त्यांच्यातले दोघे पुण्यात मोठ्या कंपन्यांत माझ्यासारखेच खरेदीत आहेत. तुम्ही पुरवठादाराचं बिल किती दिवसांत काढता? अजून दोघांपैकी एकानंही उत्तर दिलेलं नाही. व्हिडिओ मात्र कालच आणखी एक आला.