पायाच्या बोटांच्या बेचक्यात कोण बघणार?

आज दुपारी दुकानात एक पोरगा आला. खालच्या वाडीतला, ओळखीतला, वीस-एकवीसचा असेल. पावसात चिंब भिजलेला. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "ताई, ह्यो गोळ्यो दी." फोनवर एआयने दिलेलं उत्तर उघडं होतं. आईला ताप आहे, अंग दुखतंय, डोकं दुखतंय, एवढं त्याने टाईप केलेलं. खाली स्वच्छ मराठीत लिहून आलेलं की बहुधा विषाणूजन्य ताप आहे, आराम करू द्या, पाणी भरपूर पाजा, अंगदुखीसाठी अमुक गोळी चालेल, त्रास वाढला तर डॉक्टरांना भेटा.

मी विचारलं, "आवस लावणेक जाता काय रे?"

"व्हय तर. रोज जाता."

"ह्यां लिवलंस फोनात?"

"नाय. तेणा विचारल्यानच नाय."

माझं डोकं तिथेच फिरलं आणि अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. जुलै महिना, सिंधुदुर्ग, दिवसभर चिखलात उभी राहून लावणी करणारी बाई आणि एकाएकी चढलेला ताप. आमच्याकडच्या कुठल्याही आशाताईला झोपेतून उठवून हे सांगा, ती पहिलं नाव लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं घेईल. उंदराच्या लघवीतून तो जंतू शेतातल्या पाण्यात येतो आणि पायाच्या फुटलेल्या कातडीतून अंगात शिरतो. हे इथे पोराटोरांना माहीत आहे. जगभरची वैद्यकाची पुस्तकं वाचलेल्या त्या यंत्रालाही माहीत असणारच. पण ही बाई काल कुठे उभी होती, हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

जी गोळी तो मागत होता ती मी दिली नाही. तसल्या वेदनाशामक गोळ्या किडनीवर ताण आणतात आणि लेप्टोत किडनी धोक्यात येऊ शकते. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि पोराला सांगितलं की आईला घे आणि थेट ग्रामीण रुग्णालयात जा, मध्ये कुठे थांबू नको.

माझ्या काकीची गोष्ट तुमच्यातल्या काही जणांना माहीत आहे. नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांपूर्वी, हेच दिवस. काकीला असाच ताप भरला. वाडीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हा लातूरकडचा एक तरुण डॉक्टर होता, बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेला. मालवणी त्याला धड कळायचीही नाही. त्याने काकीला पहिलं विचारलं ते कामाचं. कुठल्या शेतात, किती दिवस, पाणी वाहतं की साचलेलं. मग विचारलं, पायाला जखम आहे का? काकी म्हणाली, नाही. मी शेजारीच उभी होते, मीसुद्धा नाहीच म्हणाले असते. त्याने तिला दोन्ही पाय स्टुलावर ठेवायला लावले, खाली वाकला आणि एकेक बोट फाकवून बघितलं. बेचक्यांत चिखल्या. लालभडक, सोललेल्या. लावणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कुठल्या बाईच्या पायाला चिखल्या नसतात? त्यांना जखम म्हणतं कोण! त्याने पोटरी दाबली तशी काकी कळवळली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, डोळे लाल. रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, जंतू मारणारं औषध) सुरू केली.

आता मला कोणीतरी सांगणार की काही ॲप उलट प्रश्नही विचारतात, पुढची तर सगळीच विचारतील. विचारतील. हेही विचारतील की पायाला जखम आहे का. आणि माझी काकी सांगेल, नाही. पुढे?

अजून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर टाईप कोण करतं? आजारी बाई करत नाही. तिचा मुलगा करतो, नातू करतो. त्या दिवशी केंद्रातल्या सिस्टरने काकीला पडद्याआड नेऊन लघवीचं विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली की सकाळपासून झालेली नाही. घरात तीन पुरुष, दोन सुना, कोणाला बोलली नव्हती. ते ऐकल्यावर डॉक्टरचा चेहरा बदलला आणि ॲम्ब्युलन्स मागवली गेली. ही बाई आपल्या वीस वर्षांच्या पोराला हे सांगेल? आणि तो ते फोनमध्ये लिहील? तुम्हीही याच मातीतले आहात, तुम्हीच सांगा.

आणि हो, काकीचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. ताप येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. जी चाचणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी करतात ती रक्तातली प्रतिद्रव्यं शोधते आणि ती तयार व्हायला आठवडाभर लागतो. डॉक्टर म्हणाला, कागद काही म्हणू दे, मी पाय बघितलेत. गोळ्या थांबवल्या नाहीत. नंतरच्या तपासणीत लेप्टोच निघाला. विचार करा, तो निगेटिव्ह कागद आणि 'ताप, अंगदुखी' एवढेच दोन शब्द एखाद्या यंत्राला दिले असते, तर त्याने काय सांगितलं असतं?

टीबीचं मान्य करते. हातात उचलून नेता येतील अशी एक्स-रे यंत्रं आता गावात येतात, छातीचा फोटो एआय वाचतं, आणि २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनेच पंधरा वर्षांवरच्यांसाठी त्याला मान्यता दिलेली आहे. आमच्या बंदरावरच्या शिबिरात खोकला अंगावर काढणारे खलाशी त्यामुळे सापडले, हे मी डोळ्यांनी बघितलं. चांगलंच झालं. पण तिथेही यंत्र फक्त चाळण आहे, पुढे थुंकी तपासूनच ठरतं. आणि त्या खलाशांना होडीवरून उतरवून रांगेत आणून उभं केलं ते आशाताईंनी.

तर माझा राग यंत्रावर नाही. गेल्या आठवड्यात एका कार्यक्रमात एक पाहुणे माईकवर म्हणाले की आता एआय आलंय, खेड्यातल्या माणसाला डॉक्टरची वाट बघत बसायची गरज उरणार नाही. आणि टाळ्या पडल्या! माझ्या शेजारी बसलेल्या बायकांनीही वाजवल्या. मला तेव्हाच उठून बोलायचं होतं. ज्या केंद्रात काकी वाचली तिथला तो डॉक्टर बाँड संपल्यावर गेला. त्यानंतर कोणी आला, कोणी गेला, मधले कित्येक महिने खुर्ची रिकामी. ती खुर्ची भरायची सोडून हे आम्हाला फोन दाखवतात? मुंबई-पुण्यात यांच्या घरात कोणाला ताप आला तर हे फोनला विचारून गप्प बसतात का? चार स्पेशालिस्ट उभे करतात. एआयचा आधार त्यांच्या डॉक्टरला, आणि आमच्याकडे डॉक्टरच्या जागी एआय. हा फरक कोणाला खटकत का नाही?

आपल्याच कोकणातलं घ्या. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावला की धडधाकट माणसं, लहान पोरं जायची आणि नेमकी कशाने जातात ते कोणाला नीट सांगता येत नव्हतं. कुठल्या पुस्तकात तयार उत्तर नव्हतं. हा माणूस रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसला. घाम किती येतो, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कसा चढतो आणि कसा कोसळतो, फुफ्फुसात पाणी कधी भरतं, सगळं लिहून ठेवलं. त्यातून प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर वापरायला लागले आणि मरणारी माणसं वाचायला लागली. 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. आज तुम्ही कुठल्याही एआयला विंचूदंशावर विचारलंत तर ते प्राझोसिन सांगेल. सांगेल, कारण बिरवाडीत कोणीतरी जागं राहिलं होतं. ती खुर्ची तेव्हा रिकामी असती तर आज यंत्राकडे सांगायला काय असतं?

माकडतापाचंही तेच. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला रोग २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात दिसला. काजूच्या बागेत जाणाऱ्या लोकांना गोचिडी चावतात, त्यातून येतो. त्याची पहिली खूण रुग्णाच्या अंगावर नसतेच. ती रानात असते, माकडं मरून पडायला लागतात. 'आमच्याकडे दोन माकडां मेली' हे कोणी ताप आलेला माणूस फोनमध्ये लिहील का? ते आशाताईला कळतं, वनरक्षकाला कळतं, आणि दवाखान्यात बसलेल्या माणसाने कान उघडे ठेवले असतील तर त्याला कळतं.

तंत्रज्ञानात काम करणारे माझे मित्र आत्ता चिडले असतील. चिडा. गूगलच्या लोकांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो बघून मधुमेहाचा परिणाम ओळखणारी प्रणाली बनवली, २०१६ साली तिचं केवढं कौतुक झालं. आपल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातलेही फोटो त्यात होते. नंतर थायलंडमधल्या साध्या दवाखान्यांत ती नेली, तर पाचातला एकाहून जास्त फोटो तिने 'नीट दिसत नाही' म्हणून परत केला. खोलीत उजेड कमी, नेट रडतखडत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाईट किती वेळ असते ते तुम्हाला माहीत आहे.

आणि डॉक्टरांचंही सांगते, कारण ही भीती मला जास्त आहे. पोलंडमधला एक अभ्यास २०२५ ला आला. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर, त्यांना एआयची सोबत दिली. नंतर एआयविना केलेल्या तपासण्या बघितल्या, तर आधी शंभरातल्या २८ जणांत गाठी सापडायच्या, त्या आता २२ जणांत सापडायला लागल्या. स्क्रीन दाखवेल या सवयीने नजर मंदावते. उद्या बाँडवर येणारा पोरगा पहिल्या दिवसापासून स्क्रीनकडे बघूनच शिकला, तर तो वाकून कोणाच्या पायाची बोटं फाकवून बघेल का?

हे लिहीत असतानाच त्या पोराचा मेसेज आला. आईला ॲडमिट करून घेतलंय, सलाईन लावलंय, रक्त पाठवलंय, गोळ्या सुरू केल्यात. लेप्टो आहे की नाही ते अजून ठरायचं आहे. "ताई, डॉक्टरनी पाय बघितल्यानी," असंही त्याने लिहिलंय.

वाचून जरा शांत झाले. आणि त्या पोराबद्दल वाईट वाटलं. दुपारी मी त्याच्यावर आवाज चढवला, बिचारा मान खाली घालून उभा होता. त्याने काय करायचं होतं? रात्री आईला ताप चढला, बाहेर धो-धो पाऊस, जवळच्या केंद्रात डॉक्टर नाही, तालुक्याला जायला गाडी नाही, बांबोळीचं मोठं हॉस्पिटल तर गोव्यात. हातात फोन होता, त्याने फोनला विचारलं. निदान त्याने विचारलं तरी. आईचा ताप अंगावर न काढता काहीतरी करायला धावला, गुणी पोरगा आहे. रात्री दोन वाजता त्याला उत्तर देणारं तेवढं एकच होतं आणि ते त्याच्याशी नीट बोललं. हे मला कबूल करावंच लागेल. आमच्यातली किती माणसं रात्री दोनला त्याच्याशी नीट बोलली असती?

म्हणूनच सांगते, यंत्र द्या. जरूर द्या. पण ते आशाताईच्या हातात द्या, सिस्टरच्या हातात द्या, त्या लातूरच्या पोरासारख्या डॉक्टरच्या टेबलावर द्या. त्यात आमच्या मातीचे प्रश्न घाला. ताप म्हटलं की आधी विचारू दे, शेतात उतरलात का, काजूत गेलात का, लघवी होते का, आणि मग सांगू दे की पाय उघडे करून दुसऱ्या माणसाला दाखवा. हे करायला कोणाची ना नाही. ते दाखवून डॉक्टरची जागा खाऊ नका, एवढंच.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी दोन विषय लेखी देणार आहे. एक, आपल्या केंद्रातलं वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद कायमचं भरा, आणि ते भरेपर्यंत पावसाळ्यात रोज ठरलेल्या वेळी डॉक्टर बसेल अशी व्यवस्था करा. दुसरा, लावणी संपेपर्यंत रात्रीची एक गाडी केंद्रावर उभी ठेवा. अर्ज तयार आहे, दुकानात काउंटरवर ठेवलाय. आपल्या वाड्यांतल्या सगळ्यांनी येऊन सह्या करायच्या. चाकरमान्यांनो, तुम्ही गणपतीला येणार आहात ते कळतं, पण तुमचे आईवडील आत्ता शेतात आहेत. आज रात्री त्यांना फोन लावा आणि चिखल्या झाल्यात का, ते नाव घेऊन विचारा. ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, शेजाऱ्याला उठवा. आणि ज्यांना सहीला येता येणार नाही त्यांनी मला नाव आणि वाडी कळवा, घरच्या माणसाकडून सही घेण्यासाठी मी अर्ज पाठवते.