‘जवळ नेऊन बसवा, भीती मोडेल’ : त्या फॉरवर्डला एका आईचं उत्तर

वर्षातून दोनदा, चैत्रात जत्रा सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो तिघांनी टाकला, खाली हात जोडलेले. लांबलचक आहे, पण सांगणं एवढंच : हल्लीची मुलं फटाक्यांना घाबरतात ती आईबापांच्या लाडामुळे. अशा मुलाला दारूकामाच्या जवळ नेऊन बसवा, भीती आपोआप मोडते. तोच पोरगा ढोलताशापुढे नाचतो, मग फटाक्याला कान झाकतो ते नाटक. कानाला काहीबाही लावलं की कान नाजूक होतात. आता तर हरित फटाके आलेत, त्यांना आवाजच नसतो. वर्षातून एक दिवस सहन करायला काय होतं? ऑटिझम-बिटिझम आमच्या वेळी नव्हतं. आणि अगदीच जमत नसेल तर मुलाला घरी ठेवा.

माझा लेक नऊ वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. (‘स्वमग्न’ हा शब्द मला पटत नाही. हा स्वतःत मग्न असता तर शेजारच्या गल्लीतली लवंगी त्याला ऐकू आली नसती.) सासर सातारा जिल्ह्यातलं. गावच्या जत्रेला छबिना, म्हणजे देवाची रात्रीची मिरवणूक, देवळापाशी आला की शोभेचं दारूकाम होतं. त्यामुळे या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला आधी तोंडी ऐकवलं गेलंय.

‘जवळ नेऊन बसवा, भीती मोडेल.’

हे आम्ही करून बसलोय. तो पाच वर्षांचा होता. भावकीतली मंडळी म्हणाली, पुढं उभं करा, बघूंदे की पोराला. नवऱ्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि पटांगणात अगदी दोरीपाशी जाऊन उभा राहिला. पहिला औट (आकाशात फुटणारा बार) वर गेला तेव्हा लेक हसत वर बघत होता. तो फुटला आणि लेक लाकडासारखा ताठ झाला, बापाच्या डोक्याला चावला, आणि खाली ठेवल्याबरोबर गर्दीत घुसून पळाला. वीस मिनिटांनी सापडला तो उसाच्या ट्रॉलीखाली, कान दाबून, पुढेमागे डोलत. त्या वीस मिनिटांबद्दल मला लिहायचं नाही.

भीती मोडली का? त्यानंतर तो देवळाच्या रस्त्यानेच जाईना. मग काडी ओढल्याचा आवाज सोसेना, कारण काडीनंतर फटाका येतो हे त्याने बरोबर जोडलं होतं. मग वाढदिवसाचे फुगे. एका आवाजाची भीती घेऊन गेलो होतो, तीन घेऊन परत आलो.

बहुतेकांचा मेंदू पहिल्या चार-पाच बारांनंतर ‘यात धोका नाही’ असं ठरवून दचकणं कमी करत नेतो. सवय होते म्हणतो ती हीच. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑटिस्टिक मुलांचे मेंदू स्कॅनमध्ये पाहिले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले : ज्या मुलांना आवाज आणि स्पर्श फार लागतात, त्यांच्यात अमिग्डाला या भयाशी निगडित भागाची प्रतिक्रिया तोच त्रास पुन्हापुन्हा दिला तरी इतर मुलांसारखी ओसरत नव्हती. दोरीपाशी बसवलेल्या मुलाला दहावा बारही ताजाच लागतो, आणि उठून जायची सोय त्याला नसते.

सवय लागतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, लागते. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी ती अशी लावली : मोबाइलवर भुईनळ्याचा व्हिडिओ, आवाज शून्यावर, आणि आवाजाचं बटण त्याच्या बोटाखाली. वाढवायचा की नाही, कधी वाढवायचा, हे तो ठरवणार. नको वाटलं की बंद. खऱ्या भुईनळ्यापर्यंत पोचायला दीड वर्ष लागलं. आज तो भुईनळा आणि भुईचक्र स्वतः मागून घेतो, सुतळी बॉम्बचं नाव काढत नाही, आणि ते मला चालतं. मेसेजमधल्या सवयीत आणि या सवयीत फरक फक्त बटण कोणाच्या हातात आहे याचा.

‘ढोलताशापुढे नाचतो, मग हे नाटकच.’

यातलं निरीक्षण खरं आहे, म्हणून तर त्यावरून काढलेला निष्कर्ष जास्त झोंबतो. नाचतो, खरंच नाचतो. ढोलाचा पुढचा ठोका कधी पडणार हे ठाऊक असतं. टिपरू वर गेलेलं दिसतं, मग आवाज येतो. कुकर शिट्टीआधी फुसफुसतो. मिक्सरला पूर्वी तो किंचाळायचा. बटण त्याला दाबायला दिल्यापासून चटणी तोच वाटतो. आणि सुतळी बॉम्ब? वात पेटवली, सगळे पळाले, फुटला नाही, कुणीतरी वाकून बघायला गेलं, आणि तेवढ्यात. तो पेटवणाऱ्यालाही कळत नाही कधी फुटणार ते.

तेव्हा ‘आवाज किती मोठा होता’ याच्याइतकंच ‘तो येणार हे त्याला माहीत होतं का’ हेही विचारायला हवं. नाटकाचं म्हणाल तर हट्ट करणारं मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं, आईचं लक्ष आहे ना. हवं ते मिळालं की हट्ट संपतो. ट्रॉलीखाली अंधारात बसलेलं मूल कोणाला दाखवत होतं? आणि त्या क्षणी त्याला काय देऊन गप्प करणार होतात? अशा वेळी समजावणंसुद्धा आणखी एक आवाजच असतो. आम्ही आता बोलत नाही. लांब नेतो, शेजारी बसतो, आणि वाट बघतो.

‘हरित फटाक्यांना आवाजच नसतो.’

असतो. हरित फटाक्यांचं सूत्र आपल्याच नागपूरच्या नीरी या संस्थेने तयार केलं. मुख्य दावा धुराचा आहे : हवेत जाणारे कण किमान ३० टक्क्यांनी कमी. आवाजाची कायदेशीर मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत मुलांच्या कानांसाठी अशा क्षणिक दणक्याची कमाल पातळी १२० सांगितली आहे. दोन्हींची मोजायची रीत वेगळी आहे, पण पाकिटावरचा हिरवा शिक्का पाहून कुणाही मुलाला फटाक्याशेजारी उभं करू नये एवढं यातून नक्की कळतं.

‘कानाला लावलं की कान नाजूक होतात.’

निम्मं खरं, आणि हे निम्मं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दिवसभर, घरातल्या भांड्यांच्या आवाजालाही कान झाकून ठेवले तर साधे आवाजसुद्धा जास्त टोचायला लागू शकतात. म्हणून आमच्याकडे कान झाकायचे इअरमफ फक्त दणक्याच्या वेळी निघतात आणि नंतर पिशवीत जातात.

नवऱ्याने आधी महागडा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणला. ते यंत्र विमानाच्या किंवा पंख्याच्या सलग घरघरीसाठी चांगलं. अचानक फुटणाऱ्या बाराला गाठणं त्याचं काम नाही. सासूबाईंचा कापूस तर निव्वळ मनाचं समाधान. शेवटी कारखान्यात कामगार लावतात तसले, पण लहान मापाचे इअरमफ घेतले. नीट बसले तर वीस-पंचवीस डेसिबल कमी करतात. मात्र ऐन वेळी डोक्यावर चढवले तर तेही एक संकटच, घट्ट, गरम, अनोळखी. जत्रेआधी महिनाभर रोज दहा मिनिटं, कार्टून बघताना, त्याने स्वतः लावायचे आणि स्वतः काढायचे. इथेही तेच, काढायचा हक्क त्याचा.

‘वर्षातून एक दिवस.’

मोजू या. दहीहंडी, गणपती आणताना, गणपती पोचवताना, दसरा, दिवाळीचे पाच दिवस, तुळशीची लग्नं, माणसांची लग्नं, त्रिपुरी पौर्णिमा, एकतीस डिसेंबर, भारत जिंकला, आणि ग्रामपंचायतीचा निकाल. निकालाचे तर दोन्ही पार्ट्या फोडतात, हरलेले रागाने.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद केले. २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० अशी दोन तासांची वेळ दिली. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात आवाजाचे फटाके वाजवता येत नाहीत. हे मी भांडायला सांगत नाही, गावात भांडून कुणाचं भलं झालंय? पण ठरलेली वेळ पाळली गेली तर माझ्यासारखीला लेकाला सांगता येतं : आठला सुरू, दहाला बंद. रात्री साडेअकराला कुणाच्या तरी गच्चीवरून सुटलेला एक बार त्या दोन तासांपेक्षा महाग पडतो.

‘आमच्या वेळी हे नव्हतं.’

नाव नव्हतं. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा शोधनिबंध लिहिला तो १९४३ मध्ये, आणि त्यातल्या मुलांनाही मोठ्या आवाजांचा धसका होता. आपल्याकडे ऑटिझम कायद्यात आला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, मग २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. त्याआधी गावात ‘खुळं’, ‘येडं’, ‘मुकं’ एवढे तीनच कप्पे होते. आईला दोष द्यायची पद्धतही नवी नाही. अमेरिकेत तर बरीच वर्षं डॉक्टरच म्हणायचे की थंड मनाच्या आयांमुळे मुलं अशी होतात. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये पुस्तक लिहून ते खोडून काढलं. तिकडे आई मायेला कमी पडली म्हणून, इकडे मायेचा अतिरेक केला म्हणून. मोबाइल दाखवल्याने ऑटिझम होतो म्हणतात, त्याचंही तेच. फार स्क्रीनने बोलणं मागे पडू शकतं, ऑटिझम होत नाही.

सासूबाईंना मी एकदा विचारलं, तुमच्या काळात खरंच कुणी नव्हतं का हो असं? त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, नव्हतंच कुणी. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, ‘आमचे धाकले चुलतसासरे तेवढे जत्रंच्या रात्री गावात थांबायचे न्हाईत. दिवस मावळायच्या आत बैलं सोडून मळ्यातल्या वस्तीवर जायाचे. दुसऱ्या दिशी कुस्त्या बघायला बरोबर हजर. लोक म्हणायचे, तऱ्हेवाईक माणूस.’ मी गेलेल्या माणसाला निदान चिकटवणार नाही. पण त्यांच्यामागे कुणी भीती मोडायला लागलं नव्हतं, एवढं खरं. त्यांना त्यांची वस्ती होती.

‘घरी ठेवा.’

ट्रॉलीच्या प्रसंगानंतर दोन वर्षं ठेवलाच. मी आणि तो पुण्यात, बाकी सगळे गावाला. त्याला दारूकाम नको होतं, पण चुलत भावंडं हवी होती, पाळणे हवे होते, गुडीशेव हवी होती. फटाक्यांबरोबर सगळी जत्राच काढून घेतली होती आम्ही त्याच्याकडून.

तिसऱ्या वर्षी ती वस्ती आठवली. देवळापासून साधारण किलोमीटरभर, मध्ये उसाचं रान. आवाज उघड्यावर पसरताना अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने उतरतो. ४ मीटरवरून किलोमीटरभर लांब गेलं की हिशेबाने जवळजवळ ४८ डेसिबल गळतात. वरचा बार मोठा असतो, वाराही असतो, पण पोटात बसणारा दणका तिथे पोचत नाही.

जायच्या आठ दिवस आधी मी त्याच्यासाठी वहीत फोटो चिकटवले : पाळणा, जेवण, छबिना, वस्तीकडे मोटारसायकल, दारूकाम, झोप. घड्याळाची वेळ लिहिली नाही, कारण यात्रा कमिटीला वेळ विचारली तर उत्तर येतं, ‘छबिना आला की.’ म्हणून क्रमच लिहिला. शेवटच्या पानावर ‘नको वाटलं तर खोलीत, दार लावून, आई सोबत.’ खिशात नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी. ती मी आता पुण्यातही ठेवते, कारण दणक्याला पळणारं मूल पळताना कुठे जातोय ते बघत नाही.

वस्तीच्या पायरीवर बसलो. गावावर हिरवा फुलोरा उमटला, आणि काहीच ऐकू आलं नाही. लेकाने कानांकडे नेलेले हात तसेच राहिले. मग लांबून ‘धप्’. प्रकाश आधी पोचतो, आवाजाला किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, हे आम्हा दोघांनाही शाळेत शिकवलं होतं. त्याचा असा उपयोग होईल हे सुचलं नव्हतं. तिसऱ्या बाराला नवरा मोजायला लागला. एक, दोन, तीन, धप्. दहाव्याला लेक मोजत होता. लांबून फुटणारा बार स्वतःच्या येण्याची वर्दी देतो. इअरमफ गळ्यात लोंबत होते.

यंदा मोजता मोजता त्याने बापाला विचारलं, ‘दोनला धप् कुठे होतं?’ नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या मीटरवर मोजून आला. ओढ्याच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी, जवळजवळ सातशे मीटर.