इंजिन नाही म्हणून तपासणीही नको?

“इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टला इंजिनच नसते, बिघाड झाला तर डिस्प्लेवर कोड येतो आणि सर्व्हिसिंग वेळेवर होतेच, मग रोजची तपासणी हा निव्वळ कागदी सोपस्कार आहे,” अशा आशयाचा मजकूर गोदामांत आणि कारखान्यांत काम करणारी मंडळी एकमेकांना सर्रास पाठवत असतात. त्यातले एकही कारण टिकणारे नाही.

इंजिन नसल्यामुळे इंजिन ऑइल, रेडिएटर आणि धूर यांची काळजी मिटते, एवढेच. मास्ट (माल वर-खाली नेणारा उभा सांगाडा), साखळ्या, ब्रेक, टायर डिझेलच्या गाडीप्रमाणेच इथेही झिजतात. फोर्कचा, म्हणजे माल उचलणाऱ्या पोलादी पात्याचा, उभा भाग जिथे वळून आडवा होतो ती जागा घासून मूळ जाडीच्या १० टक्क्यांनी कमी झाली, तर त्याची वजन पेलण्याची क्षमता सुमारे २० टक्क्यांनी घटते आणि तो फोर्क बदलावाच लागतो. शिवाय बॅटरीमुळे तपासण्याच्या गोष्टी वाढतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून काळवंडलेला कनेक्टर किंवा सोललेली केबल दिसली, तर ती गाडी चार्जिंगलाही लावू नये. बऱ्याच गाड्यांत हीच बॅटरी मागच्या बाजूचे वजन म्हणून तोल सांभाळते, त्यामुळे ती जागेवर पक्की बसली आहे की नाही हे रोज पाहावे लागते.

डिस्प्लेला सेन्सर जोडलेले असतील तेवढेच कळते. फोर्कला गेलेली बारीक चीर, साखळीची गंजून आखडलेली कडी किंवा टायरचा उडालेला तुकडा डोळ्यांनाच दिसतो. हायड्रॉलिक होजची (दाबाखालच्या तेलाच्या नळीची) गळती मात्र हाताने चाचपडून कधीही शोधू नये, कारण दाबाखालचे तेल कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावे.

सर्व्हिसिंग ठरावीक तासांनी होते, पण रॅकला बसलेली धडक त्या तासांची वाट पाहत नाही. अमेरिकेत ‘ओशा’ या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार गाडी कामाला लावण्यापूर्वी रोज किमान एकदा तपासावी लागते आणि चोवीस तास चालणारी गाडी प्रत्येक पाळीनंतर.

सोपस्काराची तक्रार काही ठिकाणी खरी आहे. गाडीकडे न पाहता रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या जातात. त्यावर उपाय तपासणी बंद करणे हा नव्हे. हॉर्न वाजत नसेल, तर जवळजवळ आवाज न करता येणारी ही गाडी पायी चालणाऱ्याला कळतच नाही. अशा वेळी चावी काढून घेऊन गाडीवर ‘वापरू नये’ अशी पाटी लावण्याचा अधिकार चालकाला असला पाहिजे, आणि त्यामुळे माल उशिरा गेला म्हणून त्याला बोलणी बसता कामा नयेत.